मातीचे सोने : तीन पायऱ्यांत

“पोराला पाढे तोंडपाठ, पण शाब्दिक उदाहरण आले की पाटी कोरी!” ही तक्रार घरोघर ऐकू येते. बंधुभगिनींनो, अशा मुलाचे डोके कमी नसते. एका उडीत उत्तर गाठायची सवय त्याला नडते. मग ‘गणित आपले काम नव्हे’ असे तो धरून बसतो. पायरीपायरीने जाण्याचे वळण लावायला एक शब्दकोडे फार उपयोगी पडते.

लुईस कॅरोल हे इंग्लंडात ऑक्सफर्डला गणित शिकवीत. १८७७ च्या नाताळात रिकाम्या बसलेल्या दोन मुलींनी त्यांच्याकडे कोडी मागितली, तेव्हा त्यांनी हा खेळ रचला. एका शब्दापासून दुसऱ्या शब्दापर्यंत जायचे. दर वेळी एकच अक्षर बदलायचे आणि मधला प्रत्येक शब्द अर्थाचा हवा.

मुलांना विचारा, ‘माती’चे ‘सोने’ कसे कराल? माती, पाती, पाने, सोने! अडले तर शेवटाकडून मागे यायला सांगा. ‘ने’ने संपणारे शब्द कोणते? ‘दाणे’ चालणार नाही, तिथे ‘णे’ आहे. ‘पाने’ चालेल. उत्तर आपण सांगू नका. “ही पायरी नियमात बसते का?” एवढेच विचारा.

आता हीच रीत गणिताला लावा. एकरी २३ किलो नत्र द्यायचे आहे. युरियात ४६ टक्के नत्र असते आणि गोणी ४५ किलोची आहे. युरिया किती लागेल?

पहिली पायरी : १०० किलो युरियात नत्र ४६ किलो.
दुसरी : २३ म्हणजे ४६ चे निम्मे.
तिसरी : म्हणून युरियाही १०० चा निम्मा, ५० किलो.
चौथी : एक गोणी आणि वर ५ किलो.

प्रत्येक पायरी पाटीवर वेगळ्या ओळीत लिहायला लावा. चूक झालीच तर नेमकी कुठे झाली ते मुलालाच दिसते. सगळे पुसावे लागत नाही. असा हिशेब घरात होऊ लागला, की खताचा डोस दुकानदाराच्या अंदाजावर सोडावा लागत नाही. कमी पडले तर पीक पिवळे पडते, जास्त झाले तर पैसा वाया जातो आणि किडीला आवतण मिळते.

आज रात्री जेवणे झाल्यावर मुलांना एक कोडे घाला : ‘शेत’पासून ‘पाणी’ दोन पायऱ्यांत आणा. वाटा एकाहून अधिक आहेत. आधी आपण शोधा, मग मुलांची पाटी पाहा.