काळ्यावर पांढरं

गौरींची आरास बरी जमते, एवढ्या भांडवलावर मला बोरन्हाणाच्या फोटोंचं काम मिळालं. नणंदेची नात अकरा महिन्यांची, पहिलीच संक्रांत. फोटोग्राफर कराडचा. "मावशी, मांडणी तुमची, लाइट माझा," म्हणाला आणि मोबाइलवर वीस-पंचवीस नमुने धाडून मोकळा झाला.

सगळ्यांत पतंग होते. थर्माकोलचे, कापडाचे, छताला टांगलेले. आमच्या उंब्रजला संक्रांत म्हटली की आधी ववसा आठवतो. चाफळच्या राममंदिरात त्या दिवशी सीतामाईची यात्रा भरते आणि जरीच्या साड्यांतल्या बायका सुगडी घेऊन ववसायला जातात. तिथं पतंगाचं काय काम? म्हटलं, शिवारात या दिवसांत जे असतं तेवढंच मांडू. ऊस, हरभऱ्याचे डहाळे, गाजरं, बोरं, कुंभाराकडची पाच सुगडी, एक सूप. तारळी आणि कृष्णा जिथं मिळतात तिथलं हे गाव. जानेवारीत ऊस मागायला लाजावं लागत नाही.

लाजावं लागलं ते आणल्यावर. वाड्यासकट दोन ऊस बाळाच्या दोन्ही बाजूंना कमानीसारखे उभे करायचे ठरवलं होतं. ते आढ्याला टेकले. वाडं छाटलं, तर उरले नुसते दांडके. शेवटी करवे करून सुपात रचले.

हलव्याचे दागिने भावकीतल्या काकूंकडे टाकले होते. त्यांचा हलवा करताना दोन दुपारी बसले, म्हणून पुढं थोडंफार कळलं. मंद शेगडीवर परात, परातीत भाजलेले तीळ, त्यावर चमचा चमचा साखरेचा पाक आणि बोटांनी अखंड फिरवणं. पाक जास्त पडला की दाणे एकमेकांना धरतात. आच वाढली की साखर पिवळी पडते. काटा फुलायला हवा कोरडी आणि थंड लागते. आभाळ आलं की काकू परात काढतच नाहीत. तीन दिवसांनी तिळाभोवती पांढरं, काटेरी कवच उभं राहतं. मग पुठ्ठा, सोनेरी कागद, सुईदोरा. मुकुट, हार, बाजूबंद, कमरपट्टा. झबलं अर्थातच काळं.

हे सगळं हातात घेतल्यावर वाटलं, आता फोटो काय, आपोआप येणार.

पहिली मांडणी घोंगडीवर केली. काळी, धनगरी, अस्सल. मला फार आवडलेली. पोरीला बसवलं आणि कॅमेऱ्यात पाहिलं तर पोरगी नाहीच. काळ्यावर काळं झबलं, वर तरंगणारा चेहरा आणि मुकुट. घोंगडी काढली. नणंदेच्या सासूबाईंनी ट्रंकेतून हिरवं इरकली लुगडं काढून दिलं, ते मागं लावलं, तेव्हा झबल्याला कड आली.

दुसरी अडचण कॅमेऱ्याची. काळा रंग ऊन धरून ठेवतो, म्हणून ऐन थंडीतल्या या सणाला तो चालतो, असं आपण सांगतो. कॅमेऱ्याला मात्र समोर बरंच काळं दिसलं की वाटतं, उजेड कमी आहे. तो आपल्या मनानं फोटो उजळ करतो. मग झबलं राखाडी पडतं आणि हलव्याचा काटा दिसेनासा होतो, चुन्याचे ठिपके दिल्यासारखा सपाट पांढरा. काकूंचे तीन दिवस पाण्यात. फोटोग्राफरनं उजेड एक टप्पा खाली उतरवला, फ्लॅश पिशवीत टाकला आणि पोरीला खिडकीपासून तीन फुटांवर तिरकं बसवलं. उजेड एका बाजूनं आला तशी एकेका काट्याला सावली मिळाली. दुसऱ्या गालावर अंधार राहत होता, तिथं दाजींचं धुतलेलं धोतर ताणून धरलं. दाजी स्वतः धरून उभे होते, कुरकुरत. आरशापेक्षा धोतराचा उजेड मऊ येतो, हे मला त्या दिवशी कळलं.

काळ्या कापडावर सगळंच दिसतं. कापसाचा तंतू, चुरमुऱ्याचा भुगा, लाळेचा ओघळ. फोटोंच्या निम्म्या वेळात मी ओला रुमाल घेऊन तिच्या अंगावरचं टिपत होते. हलवा ओला होऊन चालत नाही, तो चिकटतो. आणि अकरा महिन्यांचं मूल म्हणजे चालतंबोलतं ओलसर फडकं. शिवाय मुकुटाच्या पुठ्ठ्याची कड तिच्या कानामागं रुतत होती. ती का रडते हे चार बायकांनी चार प्रकारे सांगितलं. भूक, झोप, दृष्ट, दात. कानामागची लाल रेघ तिच्या आईलाच दिसली.

लुटीचा फोटो हुकला म्हटलं तरी चालेल. वरून ओतायला फक्त चुरमुरे, हलवा, बत्तासे ठेवले होते. ऊस, बोरं, गाजरं लागतील म्हणून बाजूला. पण गल्लीतली पोरं फोटोग्राफरच्या "थांबा"साठी थांबणार होती थोडीच. पंधरा सेकंदांत पाट रिकामा. हाती आला तो एक फोटो, ज्यात पोरीपेक्षा पाठीच जास्त आहेत.

एक गोष्ट मात्र आधीच घडून गेली होती. दागिने घातल्याबरोबर आजीनं हुकूम सोडला, "आधी मारुतीला न्यायची, मग तुमचं फोटोबिटो." आमचा मारुती समर्थांच्या अकरांतला, शके १५७१ मधला, चुना, वाळू आणि तागाचा. पोर नेली, आजीनं शेंदराचं बोट तिच्या कपाळाला लावलं आणि अंगठा मुकुटाला टेकला. मधोमध, तीन दाणे केशरी.

मी ते तीन दाणे बदलून द्यायला काकूंकडे धावणार होते. काकू सुई घेऊन आल्याही. पण दोरा एकच, सबंध ओवलेला. तीन काढायचे तर वीस सुटणार. राहू दिले.

आठवड्यानं फोटो आले तेव्हा फोटोग्राफरनं विचारलं, "मावशी, ते केशरी डाग कंप्युटरवर काढू का? दोन मिनिटांचं काम." फोन स्पीकरवर होता. आजी आतून म्हणाली, "डाग कुठं दिसला त्याला?"


दागिने सध्या स्टीलच्या डब्यात आहेत, डब्याभोवती मुंग्यांसाठी हळदीची रेघ. पुढच्या वर्षी जावेच्या नातवाचं बोरन्हाण आहे. काकूंना आत्ताच सांगून ठेवलंय, मुकुटाच्या पुठ्ठ्याला आतून मऊ सुती पट्टी लावा.