इवल्या गड्ड्याची बदनामी

स्प्राउट्स म्हटले की आपल्याला मोड आलेली मटकी आठवते. ब्रसेल्स स्प्राउट्सचा मोडांशी काही संबंध नाही. हे कोबीचे इवले गड्डे, फार तर लिंबाएवढे. कमरेइतक्या उंच, जाडजूड दांड्यावर पानांच्या बेचक्यांत ते लगडतात. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल आणि हे, वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात सगळी एकच जात: ब्रासिका ओलरेसिया. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करत कुठे पाने मोठी केली, कुठे फुलोरा, कुठे खोड, आणि इथे बेचक्यातल्या कळ्या. बेल्जियममध्ये ब्रसेल्सच्या आसपास फार पूर्वीपासून पिकत आले म्हणून त्या गावाचे नाव लागले.

ब्रिटनमध्ये नाताळच्या जेवणात ते हवेतच, आणि दरवर्षी त्यांची यथेच्छ थट्टाही होते. थट्टेचे कारण मला चार वर्षांपूर्वी कळले. आम्ही दोघे मुलीकडे मँचेस्टरला गेलो होतो आणि तिच्या शेजाऱ्यांनी सगळ्यांना जेवायला बोलावले. दार उघडले आणि मी थेट कॉलेजच्या प्रयोगशाळेत पोचले. तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाला किप्स अ‍ॅपरेटसचा वास विसरता येत नाही. हायड्रोजन सल्फाइड! सडक्या अंड्याचा तो वास स्वयंपाकघरातल्या मोठ्या पातेल्यातून येत होता. स्प्राउट्स अर्ध्या तासापासून रटरटत होते. ताटात आले तेव्हा ते शेवाळी, करडे आणि लिबलिबीत झाले होते. माझ्या सात वर्षांच्या नातवाने एक चावा घेतला, तोंड वेडेवाकडे केले आणि घास रुमालात काढला. मुलीने डोळे वटारले, “नाटकं नकोत.” मी गप्प राहिले, कारण माझाही घास तोंडातच होता.

या वासाचे मूळ भाजीच्या स्वसंरक्षणात आहे. या कुळातल्या वनस्पतींच्या पेशींमध्ये ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त द्रव्ये असतात आणि त्यांच्यापासून वेगळे ठेवलेले मायरोसिनेज नावाचे विकर असते. अळीने पान कुरतडले किंवा आपण सुरी चालवली की दोन्ही एकत्र येतात आणि झणझणीत आयसोथायोसायनेट तयार होतात. आपल्याला हे प्रकरण नवीन नाही. मोहरी फेसताना नाकात जी झिणझिणी जाते ती हीच. काळ्या मोहरीत आणि स्प्राउट्समध्ये सिनिग्रिन हे एकच ग्लुकोसिनोलेट भरपूर असते.

शिजवताना मात्र दुसरे नाटक सुरू होते. उष्णतेने विकर निकामी होते, तिखटपणा जातो. तिथेच थांबलो तर ठीक. पण पाण्यात उकळत ठेवले की गंधकाची संयुगे मोडत जातात आणि हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू सुटू लागतात. स्वयंपाकाच्या रसायनशास्त्रावर लिहिणारे हॅरॉल्ड मगी सांगतात की, कोबी उकळताना पाचव्या आणि सातव्या मिनिटांच्या दरम्यान हा वायू दुप्पट होतो. म्हणजे दोन मिनिटांचा उशीरही जाणवतो. अर्धा तास म्हणजे कहरच. त्याच काळात भाजीतली आम्ले हरितद्रव्यातले मॅग्नेशियम हुसकावून लावतात आणि हिरवा रंग करडा होतो. रंग टिकावा म्हणून पूर्वी पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकण्याची पद्धत होती. त्याने रंग टिकतो, पण भाजीचा लगदा होतो आणि क जीवनसत्त्वाचा नाश होतो. १०० ग्रॅम कच्च्या स्प्राउट्समध्ये सुमारे ८५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, संत्र्याहून जास्त. ते असे घालवण्यात काय अर्थ?

दुसऱ्या दिवशी मी मुलीकडून स्प्राउट्स मागवले. मुलगी म्हणाली, “आई, कशाला हट्ट?” हट्टच होता.

चौघांना ४०० ग्रॅम पुरतात. पिवळी पाने काढायची, बुडखा पातळसा कापायचा, पण सगळा नाही, नाहीतर पाने सुटतात. मग उभे दोन भाग. इंग्रज गृहिणी अख्ख्या गड्ड्याच्या बुडाला फुलीचा छेद देतात. त्याने आत पाणी शिरते, एवढाच फायदा. अर्धे केले की गाभ्यापर्यंत उष्णता लवकर पोचते आणि वेळ वाचतो. या भाजीत वेळ हेच सगळे. धुतल्यावर फडक्याने कोरडे करायचे. ओले राहिले तर ते वाफेवर शिजतात, भाजले जात नाहीत.

जाड बुडाच्या तव्यात दोन मोठे चमचे तेल तापवायचे आणि फोडी कापलेली बाजू खाली ठेवून एका थरात मांडायच्या. आता कठीण भाग: पाच मिनिटे हात लावायचा नाही. भाजी सतत हलवायची आपली सवय इथे नडते. खालची बाजू खरपूस तपकिरी होते तेव्हा साखर आणि अमिनो आम्ले मिळून नवे, खमंग वास तयार झालेले असतात, आणि तो गोडसर खमंगपणा कडवटपणावर मात करतो. मग फोडी उलटायच्या, मीठ आणि दोन चमचे पाणी घालून झाकण ठेवायचे, ते दोनच मिनिटे. सुरीचे टोक किंचित अडत आत गेले की गॅस बंद, वर लिंबू. ओव्हन असेल तर तेल-मीठ लावून २०० अंश सेल्सिअसला २० ते २५ मिनिटे, फोडी एकमेकींना न चिकटता. मीठ आखडून घालू नये. त्यातले सोडियम जिभेवरची कडू चव दाबते, हे फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या ब्रेस्लिन आणि बोशाँ यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले. कारल्याला मीठ चोळणाऱ्या आपल्या आज्यांना त्यासाठी ‘नेचर’ची गरज पडली नव्हती.

मी त्यावर हिंग, कढीपत्ता, हिरवी मिरची आणि ओल्या खोबऱ्याची फोडणी दिली. मोहरी मात्र फोडणीत न घालता थोडी फेसून, दह्यात कालवून वरून घातली. याला चवीपलीकडचे कारण आहे. शिजलेल्या भाजीतले विकर मेलेले असते, कच्च्या मोहरीतले जिवंत. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठात २०१८ मध्ये १२ जणांना शिजवलेली ब्रोकोली एकदा नुसती आणि एकदा एक ग्रॅम मोहरीपूड घालून दिली. मोहरीबरोबर सल्फोराफेन हे आयसोथायोसायनेट शरीरात चौपटीहून अधिक पोचले. यावरून कोणी ‘कर्करोगावर मोहरी’ असा संदेश पुढे ढकलू नये. अभ्यास शोषणाचा होता, रोग बरा होण्याचा नव्हे.

नातवाने त्या दिवशी तीन फोडी खाल्ल्या, चौथी नको म्हणाला. त्याच्या आईने खुशाल पाच-सहा संपवल्या. इथे मला नातवाची बाजू घ्यायची आहे. आपल्या जिभेवर टीएएस२आर३८ नावाच्या जनुकाने घडवलेला एक कडू चवीचा ग्राहक असतो. या जनुकाचे दोन मुख्य प्रकार आहेत. एक मिळालेल्यांना स्प्राउट्समधल्या गॉयट्रिनसारख्या द्रव्यांचा कडूपणा तीव्र लागतो, दुसरा प्रकार दोन्ही पालकांकडून आला तर जेमतेम. म्हणजे एकाच ताटातली एकच भाजी आई आणि मुलाला वेगळी लागू शकते. १९३१ मध्ये ड्यूपाँट कंपनीत आर्थर फॉक्स यांच्या हातून पीटीसी या रसायनाची भुकटी उडाली. सहकारी म्हणाला कडू, फॉक्स म्हणाले बेचव. तिथून या शोधाची सुरुवात झाली. ‘नाटकं नकोत’ म्हणण्याआधी हे आठवावे. जबरदस्ती केली तर मूल कडूपणाबरोबर ओरडाही लक्षात ठेवते.

भाजीही आता पूर्वीची राहिलेली नाही. नेदरलँड्समधले हान्स व्हॅन डोर्न आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये कडूपणाचे मुख्य धनी सिनिग्रिन आणि प्रोगॉयट्रिन असल्याचे दाखवले. मग बियाणे कंपन्यांनी ही द्रव्ये कमी असलेले जुने वाण शोधून त्यांचा संकर भरघोस पिकणाऱ्या वाणांशी केला. लहानपणी स्प्राउट्स नावडलेल्या ब्रिटिश आजोबांना आज ते बरे लागत असतील तर त्याचे श्रेय नुसत्या वयाला नको.

आता माझी चूक. नवऱ्याच्या हृदयात यांत्रिक झडप आहे, त्यामुळे त्यांना रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉर्फरिनची गोळी रोज घ्यावी लागते. त्यांना ही भाजी इतकी आवडली की, उरलेले तीन आठवडे ती रोज झाली, तीही वाडगाभर. पुण्याला परतल्यावर रक्त तपासले. गोठण्याचे माप असलेला आयएनआर अडीच ते साडेतीन हवा, तो निघाला १.७. म्हणजे झडपेवर गुठळी होण्याचा धोका. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “तिकडे काय खाल्लंत?” गंधकाचा अणू न्‌ अणू ठाऊक असलेल्या मला के जीवनसत्त्व आठवले नव्हते. १०० ग्रॅम स्प्राउट्समध्ये ते सुमारे १७५ मायक्रोग्रॅम असते. अमेरिकेत प्रौढ पुरुषाला दिवसाला १२० पुरेसे मानतात. वॉर्फरिन याच जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणते, त्यामुळे ते एकदम वाढले की गोळी अपुरी पडते. चार दिवस पोटावर इंजेक्शने घ्यावी लागली. ‘मेडिकल जर्नल ऑफ ऑस्ट्रेलिया’त २०१२ मध्ये स्कॉटलंडच्या एका हृदयरुग्णाची अशीच नाताळची हकिकत छापून आली होती, हे मी नंतर वाचले.

ज्यांनी स्प्राउट्स कधी पाहिलेही नाहीत त्यांनाही हे लागू आहे. मेथी, पालक, कोथिंबीर यांतही के जीवनसत्त्व भरपूर असते. वॉर्फरिन किंवा अ‍ॅसेनोकूमारॉल घेणाऱ्याने कुणाच्या सांगण्यावरून अचानक रोज हिरवा रस सुरू केला, किंवा पालेभाज्या अचानक बंद केल्या, तर दोन्ही घातक. बेत बदलायचा तर आधी डॉक्टरांना सांगून, आणि त्यानंतर तपासणी लवकर. बाकीच्यांनी एवढी काळजी करू नये. थायरॉइडचा बागुलबुवाही तसाच: आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या माणसाला शिजवलेल्या वाटीभर भाजीने गलगंड होत नाही. पोटात गॅस होतो हे मात्र खरे. यातली रॅफिनोज साखर आपल्याला पचत नाही, ती मोठ्या आतड्यातले जिवाणू फस्त करतात.

आमच्या डॉक्टरांनी भाजी बंद करायला सांगितली नाही. प्रमाण ठरवा आणि ते पाळा, म्हणाले. गेल्या डिसेंबरात पुन्हा मँचेस्टरला गेलो तेव्हा बुधवार आणि रविवार, सहा गड्डे म्हणजे बारा फोडी, असा करार होता. हे फोडी मोजून वाढून घेत आणि बारावी संपली की माझ्याकडे बघत. नातू मात्र आता पाचवर आला आहे.