वडगावची इळी

वडगावात वीज गेली की गप्पांना ऊत येतो. बेळगाव शहराच्या दक्षिणेचा हा भाग विणकरांचा. शहापूर, खासबाग, वडगाव या पट्ट्यात माग नाही अशी गल्ली सापडणं कठीण. यंत्रमाग चालू असले की शेजारच्या खोलीतल्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. ते थांबले की कांड्या भरणाऱ्या बायका बाहेरच्या कट्ट्यावर येतात. एका हातात भाजीचं ताट, दुसऱ्या हातात इळी.

‘काय गे, काय चिरूलालीस?’

‘दोडका. तू ये की, बस की. लाईट आल्यावर हायच काम.’

पुस्तकातली विळी ती वडगावात इळी. कन्नड शेजारीण तिलाच ईळिगे मणे म्हणते. दोघींची भाषा वेगळी असली तरी वस्तू एकच आहे, आणि नावंही एकमेकींच्या ओळखीची वाटतात.

विळी म्हणजे एक लाकडी पाट आणि त्यात उभं ठोकलेलं, पुढे वाकलेलं लोखंडी पातं. पात्याच्या टोकाला बहुधा नारळ खवायची दातेरी खवणी. मिटणाऱ्या विळीत पातं बिजागरीवर आडवं होतं. सुरीत हत्यार हलतं आणि भाजी स्थिर असते, विळीत नेमकं उलटं. पाट पायाखाली दाबून धरायचा, धार आपल्याकडे, आणि दोन्ही हातांनी भाजी धारेवर पुढे ढकलायची. हत्यार धरायला हात अडकत नाही. म्हणून मेथीची जुडी एका मुठीत आवळून बारीक चिरता येते, दोडक्याची शीर काढता येते आणि पातं न बदलता ओलं खोबरंही खवता येतं. फळी लागत नाही. चिरलेलं थेट ताटात नाहीतर पाण्याच्या पातेल्यात पडतं. बटाट्यासाठी आणि वांग्यासाठी हे फार सोयीचं, कारण हवा लागली की दोन्ही काळी पडतात.

मराठीत भाजी ‘चिरतात’. नव्या सुनेनं ‘भाजी कापू का?’ असं विचारलं तर जुनी बाई हटकून दुरुस्त करते. कापायचं ते कापड, कोंबडं, नाहीतर बोट. चिरण्यालाही जाती आहेत: कांदा पोह्यांना बारीक, पिठल्याला उभा, भेंडी कुणाकडे गोल, कुणाकडे तिरकी. कट्ट्यावरचा निम्मा वाद यावरच चालतो. दुसऱ्या घरची चिरण्याची तऱ्हा पाहून तिथल्या सासूचा स्वभाव सांगणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांचे अंदाज फारसे चुकत नसत.

जुन्या बायकांचा जीव लोखंडी पात्यावर. कच्चं केळं, केळफूल किंवा वांगं चिरलं की पातं काळं पडतं, कारण या भाज्यांतलं तुरट द्रव्य लोखंडाशी मिळून काळा रंग तयार करतं. धुऊन लगेच कोरडं पुसलं नाही तर सकाळी गंज ठरलेला. म्हणून खोबरेल तेलाचं बोट फिरवून ठेवायचं. स्टेनलेस स्टीलमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, त्यामुळे त्याला ही कटकट नाही. पण घरच्या दगडावर चार वेळा घासून लोखंडाला जशी धार येते तशी त्याला येत नाही, ही कट्ट्यावरची तक्रार. सायकलला चाक जोडून फिरणारा धारवाला आला की सगळ्या गल्लीच्या विळ्या एकदम बाहेर निघतात, आणि तिथे पुन्हा गप्पा.

धार लावून लावून पातं मधोमध झिजतं. जिथं रोज भाजी टेकते तिथंच बाक येतो. हा बाक प्रत्येकीचा वेगळा, तिच्या मनगटाच्या वळणाचा. म्हणूनच लग्नाच्या आदल्या दिवशी भाजी चिरायला बोलावलेल्या बायका आपापली विळी काखेत मारून जायच्या. पाटाखाली रंगानं काढलेलं किंवा खिळ्यानं कोरलेलं आद्याक्षर, म्हणजे निघताना अदलाबदल नको. परक्या विळीवर हात बसत नाही आणि रक्त मात्र लगेच निघतं. मणभर कांदा चिरून होईपर्यंत डोळ्यांतून पाणी येत राही. ते कांद्याचं की आणखी कशाचं, हे विचारायचं नाही असा अलिखित नियम.

विळीचे नियमही बरेच. हातातून हातात द्यायची नाही, खाली ठेवायची, म्हणजे भांडण होत नाही. नागपंचमीला काही चिरायचं नाही, त्या दिवशी विळीला सुट्टी आणि घरात पुरणाचे उकडलेले दिंड. ग्रहणात गरोदर बाईनं विळीला हात लावायचा नाही. अख्ख्या भोपळ्याला पहिला वार पुरुषानं करायचा, पुढचा सगळा भोपळा बाईनं. खंडेनवमीला मागाबरोबर विळीलाही हळदकुंकू. आणि आषाढात वडगावच्या मंगाई देवीची जत्रा आली की पाहुण्यांच्या मटणासाठी वेगळी विळी माळ्यावरून खाली येते. भाजीची वेगळी आणि मटणाची वेगळी, हे पुष्कळ घरांत ठरलेलं.

ही वस्तू एकट्या मराठी माणसाची नाही. गोव्यात ती आदोळी, बंगालमध्ये बोंटी, तमिळनाडूत अरुवामणै, आंध्रात कत्तिपीट, नेपाळात चुलेसी. जिथं स्वयंपाक जमिनीवर बसून व्हायचा तिथं हे पातं पायाखाली उभं राहिलं. गॅस आला, ओटा आला, तशी बाई उभी राहिली आणि विळी कपाटाखाली गेली. काहींनी ओट्यावर ठेवायची छोटी विळी घेतली. ती चिरते बरी, पण तिच्यासाठी खाली बसावं लागत नाही.

माझ्या मते खरा फरक इथं आहे. सुरी चांगलीच. गुडघे दुखणाऱ्यांना जमिनीवर बसायला सांगणं हा अन्याय, आणि घाईच्या सकाळी दोन टोमॅटो चिरायला विळी काढण्यात शहाणपण नाही. पण ओटा भिंतीला लागून असतो. सुरीनं चिरणाऱ्या बाईचं तोंड भिंतीकडे आणि पाठ घराकडे. विळीवर बसलेलीचं तोंड माणसांकडे असतं. चिरताना तिला हातावर नजर खिळवून ठेवावी लागत नाही, बोटांना अंदाज असतो, त्यामुळे समोरचीच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते तिला दिसतं. मराठीनं वैराला विळ्याभोपळ्याचं सख्य म्हटलं. वडगावच्या कट्ट्यावर मात्र विळीभोवतीचं सख्य अगदी खरं होतं.

तेव्हा माळ्यावरची विळी भंगारवाल्याला द्यायच्या आधी एकदा दगडावर घासून पाहा. रविवारी मेथी आणा, शेजारणीला हाक मारा आणि जमत असेल तर खाली बसा. गुडघे कुरकुरत असतील तर दुसरीला बसवा आणि तुम्ही खुर्चीवर बसून मेथी निवडा. एवढं मात्र विसरू नका: गप्पांच्या नादात उठताना विळी आडवी करून ठेवायची. घरात रांगतं पोर असेल तर आधी ती, मग बाकीचं.