वाशीची पट्टी येईपर्यंत

पहाटे पाच

रात्रभर बाग राखून गुरखे मांगरात चुलीवर चहा ठेवतात, तेव्हा माझा दिवस सुरू होतो. भाट्याचा पूल ओलांडून गोळपच्या अंगाला आमची कलमं आहेत. एप्रिल लागला की घरी झोपायचं ते नावापुरतं. आधी रात्रीचा अहवाल. म्होरक्या सांगतो, "सेठ, वर रोडला गाडी थांबला होता. आम्ही बॅटरी मारला, ओरडला, गेला." साळिंदर येऊन गेलं, वटवाघळांनी खालच्या तीन कलमांखाली सडा घातला. वानरांची पाळी आता उजाडल्यावर, म्हणजे गलोल घेऊन दुसरी तुकडी उभी.

रत्नागिरीत नेपाळचा कुणीही येवो, आम्ही त्याला गुरखा म्हणतो. म्होरक्या खरा अछाम जिल्ह्यातला, नेपाळच्या पार पश्चिम टोकाचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात साफसफाईला येतो, मोहोराच्या फवारण्या करतो, आंबा उतरवतो, पावसाच्या तोंडावर गावी जातो. त्याचे दोन भाऊ ऑगस्टमध्ये मिरकरवाड्याला बोटीवर चढतात. समुद्र आणि डोंगर, रत्नागिरीच्या दोन्ही धंद्यांची कष्टाची बाजू आता नेपाळच्या खांद्यावर आहे, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे आणि भाषणात कुणी बोलत नाही.

तो पहिल्यांदा आला तेव्हा मिसरूड फुटत होतं. नेपाळात १९९६ ते २००६ माओवाद्यांचं युद्ध चाललं. रात्री ते येऊन घरटी एक पोरगा मागत, दिवसा सैन्य येऊन रात्री कोण आलं होतं ते विचारी. बापाने त्याला गावच्या लोकांबरोबर सीमेपलीकडे धाडून दिलं. १९५० च्या तहामुळे ना पासपोर्ट लागला, ना व्हिसा, म्हणून तो कुठल्याच यादीत निर्वासित ठरला नाही. त्याला छावणी मिळाली नाही, आमची बाग मिळाली.

सकाळी सात

दव सुकलं की तोडणी. ऊन चढायच्या आत जेवढं उतरेल तेवढं. तापलेला आंबा पेटीत गेला की आतून शिजतो. काठीला झेला, त्याच्या तोंडाशी पातं. देठासकट आंबा कापायचा आणि जाळीत अलगद घ्यायचा. देठ मुळाशी मोडला की चीक उडतो, चीक सालीवर ओघळला की पिकताना काळा डाग, आणि डागाचा आंबा पहिल्या नंबरातून गेला. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'नूतन झेला' काढला तो याचसाठी. चांगला तोडणारा वीस फूट खालून नुसत्या खांद्याच्या उंचीवरून ओळखतो की आंबा चौदा आणे झालाय की बारा आणे. देठाशी खड्डा पडलेला, खांदे वर आलेले, साल काळपट हिरव्याची फिकी झालेली. ही नजर आमच्या आजोबांकडे होती, आता अछामच्या पोरांकडे आहे. माझी मुलं पुण्यात आहेत.

ही तक्रार समजू नका. रत्नागिरी जिल्हा पिढ्यान्‌पिढ्या मनीऑर्डरवर जगला. गिरणगावातल्या खोलीत पाळीपाळीने झोपणारे चाकरमानी आमचेच. गावात म्हातारी, बायका आणि महिन्याच्या सुरुवातीला पोस्टमनची वाट. ते घर आज अछामला आहे एवढाच फरक. नेपाळच्या उत्पन्नाचा जवळजवळ चौथा हिस्सा बाहेर गेलेल्यांनी पाठवलेल्या पैशाचा असतो. त्या चौथ्या हिश्शात आमच्या बागेचं माप चिमूटभर का होईना, आहे.

साडेनऊ

शेडमध्ये वाडीतल्या बायका बसल्यात. हातात घेतलेला आंबा वजनकाट्यावर न ठेवताही कुठल्या ढिगात जाणार ते त्या सांगतात. पेटी तीच, आंबा मोठा तर चार डझनी, लहान तर आठ डझनी. पेंढ्याच्या थरावर थर. कापडाने पुसायचं, चोळायचं नाही. चोळलं की सालीवरची राख जाते आणि वाशीच्या बाजारात माल शिळा दिसतो.

रोज ढिगातला एखादा पिकलेला मी उभा कापून बघतो. आज दुसराच साक्याचा निघाला. बाहेरून देखणा, देठाशी दरवळ, आणि कोयीलगत पांढरट, भुसभुशीत, आंबूस गर. साका बाहेरून दिसत नाही, हाताला लागत नाही. पिकलेला आंबा कापेपर्यंत तो खाणाऱ्यालाही कळत नाही. शेडमधल्या काकींनी दोन्ही फोडी पाहिल्या आणि म्हणाल्या, "वरच्या कातळावरचा असणार." जमिनीची धग लागली की साका वाढतो, हे त्यांना पुस्तकावाचून माहीत आहे. कातळावरचा ढीग बाजूला काढला. तो स्थानिक गिऱ्हाइकाला, ओळखीने. लंडनला साका पाठवायची हिंमत नाही.

दुपारी बारा

आता कागद. निर्यातदाराचा फोन येऊन गेला: फवारणीची नोंदवही, बागेची नोंदणी, कीटकनाशकांच्या अंशाचा अहवाल. मी सातवीपासून बागेत आहे, पण अलीकडे झाडापेक्षा वहीला जास्त खत घालतो.

१ मे २०१४ ही तारीख इथे सगळ्यांच्या लक्षात आहे. ऐन मोसमात युरोपीय संघाने भारताचा आंबा बंद केला. बरोबर कारलं, पडवळ, वांगी आणि अळू. आदल्या वर्षी भारतातून गेलेल्या फळ-भाज्यांच्या २०७ खेपांत किडी सापडल्या होत्या. फळमाशी सापडली हे खरं. ती कुणाच्या बागेतली, ते कोण शोधणार? बाहेर जायचा माल वाशीत उतरला आणि भाव बसला. २०१५ च्या सुरुवातीला आंब्यावरची बंदी उठली, पण तोवर पॅकहाउसची, गरम पाण्याची, बाष्पाची नवी शिस्त लागली होती. ती शिस्त वाईट नाही, हे मी आमच्या संघाच्या बैठकीत बोललो तेव्हा लोकांनी माझ्याकडे रागाने पाहिलं. माशी नको म्हणणाऱ्याचं काय चुकलं? दुखतं ते वेगळंच. त्यांचं सफरचंद आमच्या बाजारात आणायचं तर वाटाघाटीला अख्खं शिष्टमंडळ येतं, आणि आमचा आंबा त्यांच्याकडे पाठवायचा तर गोळपचा माणूस एकटा वही भरत बसतो.

अमेरिकेची तऱ्हा निराळी. १९८९ पासून १८ वर्षं दार बंद. २००७ ला उघडलं ते विकिरणाच्या अटीवर, किमान ४०० ग्रे. तपासायला अमेरिकेचा अधिकारी इथे येऊन बसतो आणि त्याचा खर्च आपल्याच बाजूने. २०२० आणि २०२१ ला कोरोनामुळे तो विमानात बसू शकला नाही, तर दोन मोसम तिकडे आंबा गेलाच नाही. मे २०२५ मध्ये तर १५ खेपा तिथल्या विमानतळांवर अडल्या. आंब्यात खोट नव्हती, विकिरणाच्या कागदात होती. परत आणायचं भाडं मालापेक्षा जड, म्हणून आंबा तिथेच नष्ट केला.

आणि आता मलावी. आफ्रिकेतला, जगातल्या अगदी गरीब देशांतला हा देश. कोकणातून नेलेल्या हापूसच्या काड्यांची तिथे कलमं झाली, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात वाशीत मलावी हापूस उतरतो, आमच्या झाडावर मोहोर यायच्या आत. २०१८ ला आमच्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेढे वाटले होते. मलावीचा आंबा मी वाशीला जाऊन खाल्ला. बरा होता. आमच्यातले काही लोक त्या आंब्यावर बंदी मागतात. युरोपने केली ती बंदी अन्याय आणि आपण मागू ती न्याय, हे मला पटवून घेता येत नाही. तिकडेही कुणीतरी झेला घेऊन उभा असेलच.

दीड

जेवण. माशाचं कालवण, भात, आणि टँकरवाल्याची वाट. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात एप्रिलमध्ये पाणी विकत. नवखा माणूस हसेल. आमच्या नद्या सह्याद्रीतून उतरतात आणि धड शंभर किलोमीटर न वाहता खाडीला मिळतात. मांगराच्या ओट्यावरून काजळी नदी दिसते, पाणीच पाणी, पण खारं. विहिरीचं पंपाने ओढलं की तेही मचूळ लागायला लागतं, म्हणून हात आखडता घ्यायचा. दोन वर्षांची कलमं तेवढी पाण्यावर, बाकीची देवावर.

उत्तरेला चिपळूणकडे तर याहून मोठी गंमत आहे. कोयना ही कृष्णेची उपनदी, पूर्वेला जाणारी. तिचं पाणी डोंगर पोखरून पोफळीकडे आणलं, १,९६० मेगावॅट वीज केली आणि वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंतचं पाणी वाशिष्ठीत सोडून दिलं. ते दाभोळच्या खाडीतून समुद्राला जातं. वीज राज्याला, पाणी समुद्राला. ते मुंबईला न्यायचे आराखडे निघतात, कोकणाला द्यायचेही निघतात. टँकर निघतो तो मात्र खरा. धरणात ज्यांची गावं गेली त्यांचं पुनर्वसन साठ वर्षांनी अजून मोर्चात आहे.

म्होरक्याला हे सांगितलं तर त्याला नवल वाटत नाही. त्याच्या मुलखातून कर्णाली वाहते, खाली भारतात आल्यावर तिलाच घाघरा म्हणतात. तिच्यावर ९०० मेगावॅटच्या 'अप्पर कर्णाली'चा करार भारतीय कंपनीशी २००८ ला झाला. बहुतेक वीज बाहेरच्या देशांना विकायची. अजून एक दिवा लागलेला नाही. "आमच्याकडे पाणी पण खाली जाते, माणूस पण खाली जाते," तो म्हणाला आणि ताटातला माशाचा काटा बोटाने बाजूला सारला. मग कालवण मागितलं.

दुपारी चार

म्होरक्याला आणि पोरांना घेऊन शहरात, बँकेत. नेपाळला पैसे पाठवायची सोय रिझर्व्ह बँकेने २००८ पासून करून दिली आहे. आमचे १०० म्हणजे तिकडचे १६०, हा भाव १९९३ पासून हललेला नाही. इथल्या पगाराला तिकडे वजन येतं ते त्यामुळेच. पण खात्याला कागद लागतात, आणि निम्म्या पोरांकडे ते धड नसतात. मग गावी जाणाऱ्याच्या कमरेला पैसे बांधून द्यायचे. कित्येक वर्षं शंभराच्या वरची भारतीय नोट नेपाळात चालत नसे. तेव्हा जूनच्या आधी सगळी बागायतदार मंडळी शंभराची बंडलं शोधत हिंडायची.

येताना गाडी थिबा पॉइंटवरून घेतली, वाकडी वाट पडते तरी. खाली भाट्याचा पूल, काजळीचं मुख, पलीकडे आमचा डोंगर. पोरांना मी दर वर्षी सांगतो की इथे ब्रह्मदेशाचा थिबा राजा राहत होता. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनला त्याने सागवानाच्या ओंडक्यांवरून दंड लावला. इंग्रजांना निमित्त मिळालं, १८८५ ला लढाई करून राज्य घेतलं आणि राजा आणून रत्नागिरीत ठेवला. राजवाडा बांधून झाला १९१० ला, आणि १९१६ ला तो इथेच वारला. लाकडाच्या व्यापारापायी अख्खं राज्य गेलं. पोरांनी राजवाड्यापेक्षा खाडीतल्या बोटी जास्त निरखून पाहिल्या. बरोबर आहे, ऑगस्टमध्ये त्यांना तिकडेच जायचंय.

सहा

पश्चिमेला ढग. एप्रिलचा ढग म्हणजे छातीत धस्स. वारा सुटला तर चौदा आण्याचा आंबा जमिनीवर, आणि जमिनीवरचा आंबा कॅनिंगच्या भावाने. दोन तास अजून उतरवलं. मग गाडी भरली. साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर, पहाटे वाशीत पोचायला हवं. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे. त्या वर्षी लावलेली माझी कलमं कधीच फळाला आली. ड्रायव्हरला एवढंच सांगतो, खड्ड्यात सावकाश, पेट्या उडतील.

रात्री साडेनऊ

फोनवर पट्टी आली. आज सकाळी वाशीत पोचलेल्या मालाचा भाव, त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा. भाव कालच्यापेक्षा पडलेला. का, ते विचारायचं नसतं, कारण सप्टेंबरात दलालाकडून उचल घेतलेली असते. उचल घेतली की माल त्यालाच. फवारणीची औषधं, गुरख्यांचं राशन, पेट्या, सगळं त्या उचलीतून उभं राहतं.

म्होरक्या ओट्यावर येऊन उभा. त्याच्या मोठ्या पोराला घेऊन ये, असं मी मागेच म्हटलं होतं.

"तो नाही येणार, सेठ. एजंट आला होता गावात. कतार. कर्ज काढून जाणार."

"कर्ज काढून? इथे तर फुकट येता येतं."

"फुकट येता येते, म्हणून पगार पण तसा."

मी गप्प. तोच पुढे म्हणाला, पुढल्या मोसमाला त्याच्यासह आठ माणसं हवीत तर महिन्याला प्रत्येकी दोन हजार वाढवा आणि जूनमध्येच निम्मी उचल हातात द्या, म्हणजे इतरांना तो कतारच्या एजंटाकडून अडवून धरेल. कागदावर हिशेब मांडून पाहिला. त्याची मागणी चुकीची नव्हती, माझी पट्टीच अपुरी होती.

दलालाला फोन लावला. या खेपेला उचल थोडी वाढवून लागेल, लवकर लागेल, म्हटलं. तिकडे टीव्हीचा आवाज चालू होता.

"आधी मे निघू दे, भाऊ. बाहेरचं काय होतंय बघू. अमेरिकेचं काही कळत नाही, आखाताचं विमानभाडं चढलंय. तुमच्या माणसाला सांगा थांबायला."

म्होरक्याने बॅटरीचे सेल बदलले आणि विचारलं, "काय बोलला?"

"जूनमध्ये सांगतो म्हणाला."

"जूनमध्ये कतारचा तिकीट निघतो," तो म्हणाला, आणि पोरांना हाका मारत वरच्या कातळाकडे गेला.