इंजिन अजून गाडीतच आहे

सकाळचे पावणेसात. मावळातल्या माळावर दव अजून वाळलेलं नाही. खाली भातखाचरं कापणीनंतर मोकळी पडली आहेत. दुधाचे कॅन लटकवलेली एक मोटारसायकल कामशेतच्या दिशेनं निघाली आहे. माळाच्या मधोमध सतरा वर्षांचा एक मुलगा निळ्या-पिवळ्या कापडाशी झटतो आहे. छत्री डोक्यावर येते, क्षणभर स्थिरावते आणि डावीकडे कलंडून गवतावर आडवी होते.

"अरे, ती डावीकडे निघाली तर तूही डावीकडे जा. तिच्या खाली जा! ओढत बसू नकोस," सर लांबून ओरडतात.

मुलगा अकरावीत आहे आणि आज त्याचा चौथा दिवस. ज्याच्यासाठी त्यानं घरी दोन महिने हट्ट धरला, ते इंजिन अजून गाडीतच आहे, ताडपत्रीखाली.

पॅरामोटर म्हणजे पाठीवर इंजिन आणि डोक्यावर कापडाचा पंख. माणूस स्वतःच्या पायांनी पळत हवेत जातो आणि पायांवरच उतरतो. चाक नाही, धावपट्टी नाही. पंख नायलॉनचा, आतून कप्प्याकप्प्यांचा. पुढच्या कडेला कप्पे उघडे असतात, तिथून हवा आत शिरते आणि कापड फुगून विमानाच्या पंखासारखा आकार घेतं. ही कप्प्यांची कल्पना अमेरिकेतल्या डॉमिना जॅल्बर्ट या पतंगकाराची, १९६० च्या दशकातली. ती विमानातून उडी मारणाऱ्यांच्या पॅराशूटसाठी वापरली गेली. पुढे १९७८ मध्ये फ्रान्सच्या आल्प्समधल्या मिउसी गावात काही पॅराशूटवाल्यांनी तशा छत्र्या घेऊन डोंगरउतारावरून पळत उड्डाण केलं आणि पॅराग्लायडिंगचा खेळ रुजला. त्याला इंजिन जोडलं गेलं ते पुढच्या दशकात. डोंगराची गरज संपली, सपाट माळ पुरेसा झाला.

इंजिन टू-स्ट्रोक असतं. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, दोरी ओढून सुरू करायचं. लूना चालवलेल्या पिढीला तो धूर आणि तो आवाज लगेच ओळखू येईल. ताकद मात्र लूनाची नाही. खूप वापरलं जाणारं व्हिट्टोराझी कंपनीचं इटालियन मॉस्टर इंजिन १८५ सीसीचं आहे आणि सुमारे २५ अश्वशक्ती देतं. जुन्या बजाज चेतकला जेमतेम साडेसात होती. फ्रेम, जाळी आणि हार्नेससकट हे सगळं २५ ते ३० किलो भरतं आणि पाठीवर घेऊन पळायचं असतं.

चालवायला काय लागतं? दोन हातांत दोन ब्रेक, त्यांपैकी एका हातात थ्रॉटल. डावा ब्रेक ओढला की डावीकडे, उजवा ओढला की उजवीकडे, दोन्ही ओढले की सावकाश. उडणाऱ्या यंत्रांत याहून सोपं काही क्वचितच सापडेल. खरी अडचण इथूनच सुरू होते. चपळ मुलगा तिसऱ्या दिवशी हवेत जाऊ शकतो, पण हवेत काही बिघडलं तर काय करायचं, हे तिसऱ्या दिवशी त्याच्या हातांना माहीत नसतं. चांगले शिक्षक म्हणून मुद्दाम वेळ लावतात. मंद शिकणाऱ्याची त्यांना फारशी काळजी नसते, झटपट शिकणाऱ्याची असते.

पहिले दिवस जातात ते ग्राउंड हँडलिंगमध्ये, म्हणजे जमिनीवर उभं राहून छत्री डोक्यावर तोलून धरण्यात. पतंग उडवलेल्याला यातलं थोडं कळतं: दोरीतून वारा हाताशी बोलतो. इथे फक्त पतंग पंचवीस चौरस मीटरचा असतो आणि दोरीच्या टोकाला आपण स्वतः बांधलेले असतो. वाऱ्याकडे पाठ करून, छत्रीकडे तोंड करून ती उचलायची, मग वळून पळायचं. वारा पडलेला असेल तर छत्री पाठीमागे पसरून सरळ पुढे पळत सुटायचं. दोन्ही प्रकार इंजिनाविना शेकडो वेळा. छत्री वाकडी आली तर पळणं थांबवून तिला खाली पाडायचं, हेही शिकवावं लागतं. कारण तरुण पोराचा स्वभाव उलट असतो: आता सुरुवात केलीच आहे तर रेटू.

दुसरी खोड स्कूटरची. ॲक्टिव्हा चालवणाऱ्या मुलाच्या हातात दोन गोष्टी मुरलेल्या असतात: पीळ दिला की वेग वाढतो आणि घाबरलं की ब्रेक दाबायचा. इथे दोन्ही खोट्या ठरतात. थ्रॉटल दाबलं की वेग फारसा वाढत नाही, यंत्र वर चढतं. छत्री आपल्या ताशी ३५-४० किलोमीटरच्या वेगानंच जात राहते. थ्रॉटल उंचीसाठी. आणि घाबरून दोन्ही ब्रेक खालपर्यंत ओढले तर छत्रीची पुढची चाल संपते. ज्या वेगावर ती हवेत तरंगत होती तोच गेला की ती पंख राहत नाही, नुसतं कापड होते. म्हणून घाबरल्यावर हात वर, हे सर दिवसातून वीस वेळा म्हणतात. मुलगा कंटाळून मान डोलावतो.

पाचव्या दिवशी ताडपत्री निघते. तरी उड्डाण नाहीच. फ्रेम एका मजबूत आडव्या खांबाला टांगतात, मुलाला त्यात बसवतात आणि इंजिन बंद ठेवून सगळा सराव होतो: सीटवर सरकून बसणं, थ्रॉटल सोडणं, किल स्विच दाबणं, राखीव पॅराशूटचं हँडल न बघता चाचपणं. मांडीचे पट्टे बांधले का, हे प्रत्येक वेळी हात लावून तपासायचं, नुसतं बघून नाही. मांडीचे पट्टे विसरून हवेत गेलेला माणूस फक्त काखेत लटकलेला असतो.

मग इंजिनामागचा पंखा. लोक उंचीला घाबरतात, पण या खेळात हातांची फार मोठी हानी जमिनीवरच होते, इंजिन सुरू करताना. सव्वा मीटर व्यासाचा पंखा मिनिटाला २,९०० फेरे घेतो तेव्हा त्याच्या टोकाचा वेग ताशी साडेसहाशे किलोमीटरच्या वर असतो. यंत्र जमिनीवर ठेवून एका हातानं धरलं आणि दुसऱ्या हातानं दोरी ओढली, त्याच वेळी थ्रॉटल अडकलेलं असलं, तर ते ७० किलोच्या जोरानं अंगावर येतं आणि जाळी दाबून हात आत जातो. म्हणून थ्रॉटल सुटं आहे का ते आधी पाहायचं, माणसं आणि कुत्री मागून हटवायची, "क्लिअर प्रॉप!" असं खणखणीत ओरडायचं आणि मगच दोरी ओढायची. हे एकट्यानं, कोणी नसताना करायचं नाही.

पालकांनी एक बेरीज स्वतः करावी. मुलगा ५२ किलो, यंत्र २७, पाच लिटर पेट्रोल ४, छत्री ५, हेल्मेट-बूट-कपडे ३. एकूण ९१. प्रत्येक छत्रीवर ती किती वजनाला तपासली आहे, याचा शिक्का असतो आणि हे ९१ त्या मर्यादांत बसलं पाहिजे. ओळखीच्या धिप्पाड काकांनी स्वस्तात देऊ केलेली मोठी छत्री हलक्या मुलाला चालत नाही. तिच्यात पुरेसा ताण राहत नाही आणि उनाड हवेत तिची कड लवकर मिटते. लहान छत्री जोरात पळते आणि जोरात उतरवते. नवशिक्यानं युरोपीय मानकातली 'ए' वर्गाची, बिघडली तरी आपणहून सावरणारी छत्री घ्यावी. इंजिनपेक्षा छत्रीवर जास्त विचार करावा. इंजिन बंद पडलं तर माणूस खाली कोसळत नाही, तरंगत उतरतो. छत्री बिघडली तर मात्र इंजिन काही वाचवत नाही.

हवा सगळ्यात मोठी मास्तर. सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास आणि मावळतीआधीचे शेवटचे दोन, एवढंच नवशिक्याचं आकाश. अकरानंतर जमीन तापते, हवेचे उमाळे वर उठू लागतात. डोंगराच्या आडोशाला वारा शांत वाटतो, प्रत्यक्षात तिथेच तो गरगरत असतो. जूनपासून पावसाळाभर मावळात दुकान बंद.

आणि आकाश मोकळं दिसलं तरी आपलं नसतं. लोहगावला हवाई दलाचा तळ, लोणावळ्याला नौदलाची आयएनएस शिवाजी, खडकवासल्याला एनडीए; यांच्या आसपास मनाला येईल तसं उडता येत नाही. राष्ट्रीय सणांच्या सुमारास दिल्ली पोलीस ड्रोनबरोबर पॅरामोटरवरही बंदीचे आदेश काढतात. केंद्राचं राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण जून २०२२ मध्ये आलं आणि त्यातल्या ११ खेळांत पॅराग्लायडिंग-पॅरामोटरिंग आहे. अमेरिकेत १९८२ पासूनच्या नियमाप्रमाणे ११५ किलोच्या आतल्या अशा एकट्याच्या यंत्राला परवानाच लागत नाही. कागद नसला तरी हवा तीच असते, त्यामुळे तिथेही शहाणी माणसं आधी शिक्षक शोधतात.

नवव्या दिवशी आई माळावर येते, डबा घेऊन. वारा समोरून, मंद, एकसारखा. मुलगा पळतो. सातव्या-आठव्या पावलाला पाय हवेत फिरतात आणि खाली काही लागत नाही. हेल्मेटमध्ये रेडिओ आहे, पण त्याला फक्त ऐकता येतं. "ऐकू येत असेल तर पाय हलव," सर म्हणतात. दोन बूट आकाशात सायकल मारतात. आईचा हात तोंडावर गेलेला असतो, तो आता खाली येतो.

पहिल्या दिवसापासून सर एकच प्रश्न विचारत आले आहेत, चहा पिताना, गाडीत बसताना, कुठेही: "आत्ता इंजिन बंद पडलं, कुठे उतरशील?" आता रेडिओवर ते गप्प आहेत. बारा मिनिटांनी मुलगा इंजिन बंद करतो, वाऱ्याकडे तोंड करून सरळ येतो आणि बांधापासून बराच अलीकडे, चार पावलं पळून थांबतो. छत्री त्याच्या मागे शांतपणे बसते.

आई धावत जाते. "काय रे, वरून काय काय दिसलं?"

"उतरायला चार शेतं," तो हेल्मेट काढत सांगतो. "त्यातल्या एकात ऊस आहे आणि एकावरून विजेच्या तारा गेल्यात. म्हणजे दोनच."