हातमोजा आणि स्नायूंची वीज

हात टेबलावर पालथा ठेवून मधले बोट किंचित उचलावे आणि दुसऱ्या हाताने त्याच हाताचा कोपराखालचा भाग चाचपून पाहावा. बोट हलते एकीकडे आणि हालचाल जाणवते वीतभर अलीकडे. कारण बोटांमध्ये त्यांना हलविणारे स्नायू मुळी नसतातच. तळहातातील काही लहान स्नायू सोडले, तर बोटे वाकविण्याचे व सरळ करण्याचे काम कोपर आणि मनगट यांच्या दरम्यानचे स्नायू करतात. त्यांचा जोर कंडरांच्या लांब दोऱ्यांनी बोटांपर्यंत पोहोचतो. कळसूत्री बाहुल्यांचा सूत्रधार पडद्याआडच असावयाचा, तसलाच हा प्रकार होय.

संगणकाला आज्ञा देणारे हातमोजे दोन जातींचे असतात. १९८७ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील व्हीपीएल या कंपनीने काढलेला मोजा बोटांवरून नेलेल्या प्रकाशतंतूंच्या साहाय्याने बोट किती वाकले एवढेच मोजीत असे. दुसरी जात मात्र हालचालीची वाट पाहत नाही. ती स्नायूंतील वीजच टिपते.

या विजेचा शोध जुना आहे. बेडकाच्या पायावरील प्रयोगांचे गॅल्व्हानीचे विवेचन १७९१ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे बर्लिनच्या द्यु बॉय-रेमाँ याने माणसाच्या हातातील वीज मोजून दाखविली, ती १८४९ च्या सुमारास. त्वचेचा अडथळा नको म्हणून त्याने हातावर फोड आणवून तेथील कातडी काढून टाकली होती! आज असले काही सोसावे लागत नाही. मेंदूची आज्ञा मज्जारज्जूतून स्नायूपर्यंत आली, की स्नायूच्या तंतूंवरून विजेची लहर धावते. अशा असंख्य लहरींची बेरीज त्वचेवर उमटते, ती फार तर व्होल्टच्या काही सहस्रांशांइतकी. त्वचेला टेकलेल्या धातूच्या बारीक चकत्या ती टिपतात. मग ती हजारपटीने वाढवावयाची, घरातील दिव्यापंख्यांच्या विजेची घरघर तीतून गाळावयाची आणि उरलेल्या आकृतीवरून चिमूट कोणती, मूठ कोणती, हे संगणकाने ओळखावयाचे. गंमत अशी, की ही लहर हालचालीच्या क्षणभर आधीच उमटते.

ओळखण्याचे हे काम सोपे नाही. घाम आला, चकती बोटभर सरकली किंवा स्नायू थकला, तरी आकृती बदलते. शिवाय प्रत्येकाचा हात निराळा. कॅनडातील एका कंपनीचा ‘मायो’ नावाचा पट्टा २०१८ मध्ये बंद पडला. त्यानंतर मेटा कंपनीच्या संशोधकांनी हजारो माणसांच्या मनगटांवरील नोंदी संगणकाला शिकविल्या. हवेत नव्हे, तर टेबलावर किंवा मांडीवर बोटाने अक्षरे गिरवावीत आणि ती पडद्यावर उमटावीत, असा त्यांचा प्रयोग असून मिनिटाला सुमारे २१ शब्दांचा वेग २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात नोंदविला गेला. त्याच वर्षी असा पट्टा अमेरिकेत विक्रीसही आला. मोज्याऐवजी पट्टा का, हे आता निराळे सांगावयास नको: सूत्रधार मनगटाच्या अलीकडे बसलेला, आणि मोजा चढविला की बोटांची स्पर्शाची जाण मात्र झाकून जाते.

परंतु खेळ आणि लेखन यांपेक्षा या विजेची खरी निकड आहे ती हात गमावलेल्यांना. म्यूनिकच्या राइनहोल्ड राइटर याने स्नायूंच्या विजेवर चालणारा कृत्रिम हात १९४८ मध्ये जगापुढे मांडला. कोपराखाली हात तुटला, तरी बोटांचे स्नायू पुष्कळदा शिल्लक असतात. त्या माणसाने मनात मूठ वळली, की ते आखडतात, लहर उमटते आणि यंत्राची मूठ मिटते. पण उन्हाळ्यात घाम फार आला, तर चकती निसटते. मग हातातला पेला धड सुटत नाही आणि धड धरलाही जात नाही. दिवसभर न चुकणारी पकड साधणे, हेच या कामातील लोकांपुढचे अवघड काम अजून उरले आहे.