सात पट्टे, पाच बटणं

पिकल्या केळ्यांभोवती घोंघावणाऱ्या चिलटांपैकी एक म्हणजे ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर. (आंबा बागायतदारांना छळणारी फळमाशी ती ही नव्हे.) हिचं अंडं जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब. २५ अंश तापमानाला साधारण दिवसभरात अळी बाहेर पडते. पण तिचं डोकं कुठे, शेपूट कुठे आणि मधल्या खंडांच्या सीमा कुठे, हे पहिल्या तीन-चार तासांतच बहुतांशी ठरून गेलेलं असतं.

या काळातली एक सोय लक्षात ठेवण्याजोगी आहे. केंद्रकं भराभर विभागतात, ओळीने १३ वेळा, पण त्यांच्यामध्ये पडदे उभे राहत नाहीत. सुमारे ६००० केंद्रकं अंड्याच्या पृष्ठभागालगत एकाच पेशीद्रवात दाटीवाटीने बसलेली असतात, त्यामुळे प्रथिनांना पसरायला आडकाठी नसते. आईने अंड्याच्या पुढच्या टोकाला बायकॉइड जनुकाचा आरएनए आधीच ठेवलेला असतो. त्यापासून होणारं प्रथिन पुढे दाट आणि मागे विरळ होत जातं. हे १९८८ साली ड्रीव्हर आणि न्यूसलाइन-फोलहार्ड यांनी दाखवलं. आईत हे जनुक निकामी असेल, तर अळीला डोकं आणि छाती येत नाही; पुढच्या टोकाला चक्क शेपटीकडचे अवयव उगवतात.

क्रिस्तियाने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस हे दोघं सत्तरच्या दशकाच्या अखेरीला हायडेलबर्गच्या युरोपीय प्रयोगशाळेत काम करत. दोघांना एकाच वेळी पाहता येईल असा सूक्ष्मदर्शक मध्ये ठेवून ते समोरासमोर बसत आणि एखादं जनुक बिघडल्यामुळे मेलेल्या अळ्यांच्या कातडीवरचे बारीक दातांचे पट्टे तपासत. कुठे सलग पाच-सात खंड गायब, कुठे एकाआड एक, तर कुठे प्रत्येक खंडाचा ठरावीक भाग बिघडलेला. १९८०च्या ‘नेचर’मधल्या लेखात त्यांनी अशा १५ जनुकांची तीन गटांत वाटणी केली आणि १९९५ साली एडवर्ड लुइस यांच्यासह नोबेल मिळवलं.

एकाआड एक खंड बिघडवणाऱ्या गटातलं ‘इव्हन-स्किप्ड’ हे जनुक भ्रूणाच्या अंगावर सात नेटके पट्टे उमटवतं. ते पाहून कोणालाही वाटेल की यामागे एखादं लयबद्ध गणित असणार. ॲलन ट्युरिंग यांनी १९५२ साली तसं गणित मांडलंही होतं: दोन रसायनांच्या परस्परक्रियेतून पट्टे आपोआप उमटू शकतात. माशीने मात्र ते मनावर घेतलेलं नाही. सात पट्ट्यांसाठी डीएनएचे पाच वेगवेगळे नियंत्रक तुकडे आहेत: पहिला, दुसरा आणि पाचवा पट्टा यांना प्रत्येकी एक, तिसरा-सातवा मिळून एक, चौथा-सहावा मिळून एक. मागावर एका दमात विणलेलं कापड नव्हे, ही ठिगळं जोडून शिवलेली गोधडी आहे.

दुसऱ्या पट्ट्याचा तुकडा मायकल लेव्हीन यांच्या गटाने बारकाईने उलगडला. जेमतेम ५०० अक्षरांच्या या तुकड्यावर बायकॉइड आणि हंचबॅक ही प्रथिनं बसली की जनुक चालू होतं. तेवढ्यावर भागलं असतं तर भ्रूणाचा पुढचा निम्मा भाग रंगून गेला असता. पण पुढच्या बाजूने जायंट आणि मागच्या बाजूने क्रुपल ही प्रथिनं त्याच तुकड्यावर येऊन जनुक बंद पाडतात. दोघांच्या मधल्या चिंचोळ्या फटीत जे उरतं, तोच पट्टा. जायंट काढून टाकलं की पट्टा पुढे पसरतो. १९८९ साली मायकल अकॅम यांनी ‘नेचर’मधल्या टिपणाच्या शीर्षकातच या कारभाराला सौष्ठव नसल्याचं म्हणून टाकलं. मला मात्र यातच खरी गंमत वाटते. दुसऱ्या पट्ट्यात दुरुस्ती करायची तर पाचव्याला धक्का लागत नाही.

शिवाय अशा तुकड्यांना बदलायला भरपूर वाव असतो. मार्टिन क्राइटमन यांच्या गटाने दुसऱ्या जातीच्या ड्रोसोफिलातला हाच तुकडा या माशीत घातला. अक्षरं पुष्कळ बदललेली, तरी पट्टा जागच्या जागी. मग अर्धा तुकडा एका जातीचा आणि अर्धा दुसरीचा असा जोडला, तर पट्टा बिघडला. म्हणजे एका अर्ध्यातली उणीव दुसऱ्या अर्ध्याने लाखो वर्षं भरून काढलेली होती.

खंड आखून झाले की कोणत्या खंडावर काय उगवायचं, हे हॉक्स जनुकं ठरवतात. त्यांपैकी अल्ट्राबायथोरॅक्स या जनुकाच्या नियंत्रणात बिघाड करून लुइस यांनी दोनऐवजी चार पंखांची माशी मिळवली, कारण एरवी हे जनुक मागच्या पंखांच्या जागी तोल सांभाळणाऱ्या छोट्या मुद्गलासारख्या काड्या घडवतं. मधमाशीत याच जनुकाचं प्रथिन मागच्या पंखातही असतं, तरी तिथे पंख पंखच राहतो. पुण्याच्या आयसरमध्ये एल. एस. शशिधर यांच्या गटाने नेमक्या या फरकाचा पाठपुरावा केला.

पिठातल्या तांबड्या भुंगेऱ्यात बायकॉइड नाहीच. त्याचे बहुतेक खंड मागच्या टोकाकडून एकापाठोपाठ एक तयार होतात आणि तिथे इव्हन-स्किप्डसारखी जनुकं घड्याळासारखी चालू-बंद होत राहतात. म्हणजे लयीने पट्टे पाडण्याची रीत कीटकांमध्ये आहे. माशीच्या घराण्याने ती सोडून पाच बटणांचा खटाटोप पत्करला. त्यामागे घाई असावी, असं मला वाटतं. केळं सडून संपायच्या आत अळीला बाहेर पडून पोट भरायचं असतं, तेव्हा एकेका खंडाची वाट पाहण्यापेक्षा सगळे एकदमच आखून टाकलेले परवडतात.